आधी कानी पडले, मग उमगले

मराठीत ‘लहानपण’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक अर्थ वयाचा: सरून गेलेली, परत न येणारी वर्षे. दुसरा वृत्तीचा: कमीपणा घेणे, ऐकून घेणे, मोठेपणाचा तोरा बाजूला ठेवणे. तुकाराम देवाकडे लहानपण मागतात तेव्हा त्यांना पुन्हा पाच वर्षांचे व्हायचे नसते. दुष्काळ, दिवाळे, घरातले मृत्यू हे सगळे सोसलेला तो प्रौढ माणूस दुसऱ्या अर्थाचे लहानपण मागत असतो. चाळिशी-पन्नाशीत आध्यात्मिक ग्रंथ हाती घेतला की स्वतःतले हरवलेले मूल पुन्हा भेटते, असे अलीकडे वारंवार ऐकू येते. ते खरे आहे असे माझेही मत आहे. पण भेटते ते यांपैकी कोणते लहानपण, हे नीट पाहायला हवे. या वाचनाने गेलेले वय परत येत नाही. त्या वयात कानावर पडलेले आणि अर्थावाचून तसेच राहिलेले शब्द त्यामुळे सुटतात, आणि ते सोडवून घेण्यासाठी माणसाला दुसऱ्या अर्थाने लहान व्हावे लागते, एवढेच या प्रस्तावनेत मांडायचे आहे. त्याचा पुरावा दूर शोधायला नको. गिरगावापासून परळ-लालबागमार्गे दादरपर्यंतच्या पाचेक मैलांच्या पट्ट्यात गेल्या दीडशे वर्षांत तो भरपूर साठला आहे.

‘आतले मूल’ ही कल्पना आज आपल्यापर्यंत येते ती मुख्यतः समुपदेशकांच्या भाषेतून. अमेरिकेत जॉन ब्रॅडशॉ यांचे ‘होमकमिंग’ हे पुस्तक १९९० मध्ये आले आणि दुखावलेल्या बालपणाला मोठेपणी जवळ घ्यायचे, त्याचे आईबाप आपणच व्हायचे, ही मांडणी पुष्कळांना परिचयाची झाली. त्याच्या कितीतरी आधी, १९३० च्या सुमारास, कार्ल युंग यांनी आयुष्याची तुलना सूर्याच्या प्रवासाशी केली होती. सकाळचे नियम दुपारी चालत नाहीत, असे सांगून त्यांनी विचारले होते की चाळिशीतल्या माणसांना पुढच्या आयुष्यासाठी तयार करणाऱ्या शाळा कुठे आहेत? पूर्वी धर्म हीच ती शाळा होती, असे उत्तरही त्यांनीच दिले. हा शाळेचा दाखला मला फार मोलाचा वाटतो. समुपदेशनात मोठा माणूस मोठाच राहून आतल्या लहानग्याला धीर देतो. शाळेत मात्र त्याला स्वतःला बाकावर बसावे लागते. आपल्याकडचे ग्रंथवाचन हे असे बाकावर बसणे आहे. गिरगावाला लागून असलेल्या माधवबागेत १९२६ मध्ये श्रीमद्भगवद्गीता पाठशाळा सुरू झाली आणि १९४२ पासून पांडुरंगशास्त्री आठवले तिथे गीता आणि उपनिषदे सांगू लागले. कामधंद्याच्या, संसाराच्या माणसांनी येऊन बसायची जागा, आणि तिचे नाव पाठशाळा. युंगना हवी होती ती शाळा आपल्याकडे नावानिशी होती.

पण शाळेत जाणाऱ्या या प्रौढांनी आधी काही शिकलेले असते, आणि ते कसे शिकलेले असते हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. या पट्ट्यातल्या मुलांच्या कानांवर आध्यात्मिक शब्द अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी पडत आले. चाळीची बांधणीच तशी: लहानशी खोली, सगळ्यांची मिळून एक गॅलरी आणि दिवसभर उघडी दारे. एका बिऱ्हाडातला आवाज दुसऱ्या बिऱ्हाडात जायला काही आडकाठी नाही. श्रावणात श्रीधरस्वामींच्या पोथ्या निघत. ‘हरिविजय’ १७०२ मधला, ‘रामविजय’ १७०३ मधला, ‘पांडवप्रताप’ १७१२ मधला. आणि सोमवारी १७१८ मधल्या ‘शिवलीलामृता’चा अकरावा अध्याय. पोथी वाचायला पुष्कळदा घरातल्या शाळकरी पोराला बसवत, कारण मोठ्यांतल्या अनेकांना अक्षरओळख नसे. म्हणजे ज्याला अक्षरे येत त्याला अर्थ लागत नव्हता, आणि ज्यांना जगण्यातून अर्थ लागत होता त्यांना अक्षरे येत नव्हती. दोघे मिळून एक वाचक पुरा होई. पुढे ते पोर मोठे होते, नोकरीला लागते, पोथी फडताळात राहते. पन्नाशीत कधीतरी ती पुन्हा उघडली जाते, आणि अक्षर व अनुभव पहिल्यांदाच एका माणसापाशी येतात. तोंडाला जुनी चाल आपोआप येते. तिच्यातले दुःख मात्र आत्ता समजते. आतले मूल भेटले असे आपण म्हणतो, ते बहुधा याच क्षणाला.

हे केवळ भाविकांच्या बाबतीत घडते असे नाही, हे गिरगावच्या इतिहासावरून दिसते. ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. गिरगावातल्या त्याच्या मंदिरामुळे तिथला चौक आजही त्याच नावाने ओळखला जातो. स्थापनेच्या वेळी संस्थापक आत्माराम पांडुरंग चव्वेचाळिशीच्या आसपास होते. पुढे समाजाचे आधारस्तंभ झालेले रा. गो. भांडारकर आणि न्या. रानडे त्यांच्याहून बरेच तरुण. ही इंग्रजी शिकलेली, चिकित्सक माणसे होती. मूर्तिपूजा त्यांना मान्य नव्हती, अवतारकल्पना मान्य नव्हती, जातीची उतरंड खटकत होती. पण सामुदायिक उपासनेला शब्द हवे झाले तेव्हा त्यांनी तुकारामांच्या अभंगांचा आधार घेतला. त्या पिढीच्या कानांवर अभंग कीर्तनातून आणि घराघरांतून आधीच पडलेला होता. थोड्याच दिवसांत, १८६९ मध्ये, इंदुप्रकाश छापखान्यातून विष्णुशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केलेल्या गाथेचा पहिला खंड बाहेर पडला. जुन्या वह्या जमवून, पाठ ताडून केलेले ते संपादन होते. टाळमृदंगासोबत ऐकलेले शब्द या लोकांनी शंका घेऊन, पुरावा पाहून पुन्हा वाचले. आणि इतके करूनही त्यांतला जिव्हाळा उणावला नाही. चिकित्सेच्या पलीकडे गेल्यावरही एक भाबडेपण शिल्लक राहू शकते, आणि ते पहिल्या भाबडेपणापेक्षा पक्के असते, याचा हा दाखला आहे.

याहून मोठा दाखला परळ-दादरचा आहे आणि तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी त्यांनी १९५६ च्या एप्रिलमध्ये एक प्रस्तावना लिहिली होती. ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत ती छापली गेली नाही. बुद्धाकडे आपण कसे वळलो याचे उत्तर त्यांनी तिच्यात स्वतःच्या शाळकरी वयापासून सुरू केले आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी होते. रामायण-महाभारतातले भाग मुलाने बहिणींना आणि कथा ऐकायला जमलेल्या लोकांना वाचून दाखवावेत, असा त्यांचा शिरस्ता होता आणि तो कित्येक वर्षे चालला. पुढे शाळेतल्या यशाबद्दल सत्कार झाला तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाच्या हाती दिले. केळुसकर शिक्षक होते, तुकारामांचे चरित्रही त्यांनी लिहिलेले होते, आणि चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला ते ओळखत होते. ते चरित्र वाचून मुलाने वडिलांना विचारले, की आम्हांला बौद्ध वाङ्मय का दाखवले नाही, आणि शूद्रांना व अस्पृश्यांना खाली लोटणारी काव्ये का वाचायला लावलीत? वडिलांनी द्रोण, कर्ण आणि वाल्मीकी यांचे दाखले देऊन सांगितले, की लहान समजल्या गेलेल्या माणसांनी केवढी उंची गाठली हे कळावे आणि मनातला न्यूनगंड जावा म्हणून. वडिलांच्या म्हणण्यात तथ्य दिसले, तरी समाधान झाले नाही, असे बाबासाहेब नोंदवतात.

ते न झालेले समाधान हाच पुढच्या सगळ्या वाचनाचा झरा आहे. १९१२ पासून सुमारे वीस-बावीस वर्षे परळच्या पोयबावडीतल्या बीआयटी चाळीत त्यांचे बिऱ्हाड होते. १९२० च्या ‘मूकनायक’ या पाक्षिकाच्या शिरोभागी त्यांनी तुकारामांना ठेवले, १९२७ च्या ‘बहिष्कृत भारता’च्या शिरोभागी ज्ञानेश्वरांना. दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते; दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, पासष्टाव्या वर्षी. मधली एकवीस वर्षे राजकारण, कायदा आणि राज्यघटना यांच्या धबडग्यात धर्मग्रंथांचे वाचन चालूच राहिले. या सगळ्या काळात केळुसकरांनी मुलाच्या हाती दिलेले पुस्तक कुठेतरी जागे होते. बालपणाकडे जाणारी वाट गोड आठवणींतूनच जाते असे नाही, हे इथे स्पष्ट होते. ती एखाद्या न मिळालेल्या उत्तरातूनही जाते. ज्याने बापाला ‘का?’ म्हणून विचारले, ते मूल प्रौढपणी सापडले की माणूस पुन्हा त्याच धिटाईने ग्रंथाला ‘का?’ विचारू शकतो. अध्यात्मवाचनाने मिळणाऱ्या लहानपणात प्रश्नाचा हा वाटा मी सगळ्यांत मोठा मानतो.

तिसरा पुरावा लालबाग-परळच्या कामगारवस्तीचा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या दिवशी दहा वर्षांचे असलेले मूल २०२२ मध्ये पन्नाशीला पोहोचले. म्हणजे आज ज्यांच्या मध्यवयाबद्दल आपण बोलतो आहोत, त्या गिरणगावकरांच्या बालपणाला एक ठरावीक तारीख आहे, जिच्यापासून ते आटत गेले. गिरणीच्या भोंग्यावर दिवस बेतलेला असे. तो भोंगा थांबला. पाळीला जाणारा बाप घरी बसला, कुणाचे बिऱ्हाड गावी हलले, कुणाची शाळा सुटली आणि पोर कामाला लागले. ज्याला वेळेआधी मोठे व्हावे लागले त्याचे लहानपण अर्धे वापरायचे राहून जाते. त्या अर्ध्या लहानपणात जे चांगले होते, त्यात भजन होते. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांनी गावाच्या नावाने मंडळे काढली होती. पखवाज, पेटी, टाळ घेऊन रात्र जागवत, आणि डबलबारीला दोन बुवांची जुगलबंदी ऐकायला पोरेही जागत. गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले, चाळी पुनर्विकासाला गेल्या; जिथे लहानपण गेले ती जागाच उरली नाही. मग परत जायचे कुठे? शब्दांत जाता येते, कारण शब्द कुणाला पाडता आले नाहीत. पन्नाशीत हरिपाठ किंवा गाथा उघडणारा गिरणगावकर मला या कारणाने समजून घ्यावासा वाटतो.

अर्ध्या राहिलेल्या लहानपणाचे हे ओझे उचलण्याची ताकद त्या ग्रंथांत का आहे, हेही सांगायला हवे. आपल्या संतवाङ्मयात लहान मूल हे सत्तेचे स्थान आहे. परंपरेनुसार ज्ञानेश्वरी सांगून झाली १२९० मध्ये, आणि सांगणारा वयाने अजून पोरगेलाच होता. गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या सांगताना तो पुन्हा पुन्हा श्रोत्यांपुढे लेकरू होतो. माझे बोबडे बोल आईबापांच्या कौतुकाने ऐका, असा त्याचा भाव आहे. ऐकणारे वयाने मोठे, सांगणारा लहान. चांगदेवांची कथा त्याच्याही पुढे जाते. चौदाशे वर्षे जगलेला योगी ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसतो, आणि मायना काय घालावा हे न कळून कोरा कागद पाठवतो. उत्तरादाखल पासष्ट ओव्या येतात, आणि शेवटी तो गुरू करतो कुणाला, तर सगळ्यांत धाकट्या मुक्ताबाईला. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. पण मराठी माणसाने शतकानुशतके ती जपली, हा इतिहासच आहे. मोठेपण कितीही वर्षांचे असो, ते कोऱ्या कागदाशी येऊन थांबते आणि तिथून पुढे मुलाकडून शिकावे लागते, असे तिच्यात सांगितले आहे. विठ्ठलाला माउली म्हटले की भक्ताचे वय आपोआप ठरते.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल, की हे सारे पळवाटेचे वाचन आहे. घर, नोकरी, जमीन यांचे प्रश्न रस्त्यावर सुटतात; गेलेल्या दिवसांची हुरहूर पोथीत शोधल्याने गिरणी कामगाराला त्याचा हक्क मिळत नाही. आक्षेपात तथ्य आहे. नुसते गहिवरायला म्हणून जो वाचतो त्याच्या बाबतीत तो पूर्ण खरा आहे. पण वाचनाने माणूस निष्क्रिय होतो, असे या पट्ट्याचा इतिहास सांगत नाही. अभंगांनी उपासना करणाऱ्या प्रार्थना समाजाच्या मंडळींनी विधवाविवाहाचा आणि स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला. राजगृहात धर्मग्रंथ वाचणाऱ्या माणसाने लाखोंचे जगणे बदलले. चोखामेळ्याला मंदिराच्या पायरीपलीकडे जाऊ दिले नाही, हे ठाऊक असलेल्या बाबासाहेबांनी १९४८ मध्ये आपला ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. परंपरा नाकारतानाही तिच्यातल्या दुखावलेल्यांचे बोट त्यांनी सोडले नाही. इतके जागे राहून केलेल्या वाचनाला पळवाट म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. लहान व्हा म्हणणे म्हणजे आज्ञाधारक व्हा म्हणणे. आणि पन्नाशीतला हळवा, एकटा पडलेला माणूस असा लहान झाला की कुठल्यातरी बुवाच्या हाती सापडतो. हा धोका खरा आहे आणि तो झाकून ठेवण्यात कुणाचेच भले नाही. म्हणूनच लहानपण आणि पोरकटपणा यांतला फरक ठाम सांगितला पाहिजे. पोरकट माणसाला कुणीतरी निर्णय घेऊन टाकावा असे वाटते. लहान मूल मात्र दिवसभर प्रश्न विचारते, आणि उत्तर पटले नाही तर तोच प्रश्न पुन्हा विचारते. वारकऱ्यांची पाया पडण्याची रीत इथे आठवावी. तिथे दोघेही एकमेकांच्या पायांवर वाकतात, त्यामुळे कुणी एकटाच लहान राहत नाही. ज्या वाचनानंतर वाचणारा लहान होतो पण सांगणारा कधीच होत नाही, तिथून उठून यावे. ज्या बैठकीत ‘हे मला पटत नाही’ असे म्हणता येत नाही, तिथे ग्रंथ कितीही थोर असला तरी चाललेले असते ते वाचन नसते.

तिसरा आक्षेप वेळेचा, आणि तो प्रामुख्याने बायकांच्या बाजूने घ्यावा लागतो. मध्यवयाची निवांत दुपार सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका पहाटेपासून पाळ्यांचे डबे भरत असत. त्यांच्या कष्टाला कर्जाचा आणि संघटनेचा आधार मिळावा म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. त्या बायकांना ‘आतले मूल शोधा’ असे सांगणे क्रूर ठरले असते. आधी उसंत मिळवून देणे भाग होते. म्हणून घरातल्या एकाने पोथी उघडताना दुसऱ्या कुणावर स्वयंपाक पडत नाही ना, हे पाहणे मी वाचनाचाच भाग समजतो. याला जोडून आणखी एक गोष्ट. बालपणीच्या काही जखमा इतक्या खोल असतात की त्यांना वैद्यकीय उपचारच लागतात. परळच्या केईएमसारख्या रुग्णालयात मनोविकारांचे डॉक्टर असतात ते त्यासाठीच. पोथीने त्यांची जागा घेऊ नये. औषध घेणाऱ्या माणसालाही सोबत लागते, तेवढी सोबत तिने करावी.

हे सारे मान्य करून उरते ते वाचायचे कसे एवढेच, आणि त्याचे उत्तर कानांपाशीच आहे. जे कानांतून आत गेले ते पुन्हा कानांतूनच जागे होते, म्हणून मोठ्याने वाचावे. पाच ओव्या झाल्या तरी पुरे. शक्य तर एखाद्या सोबत्याबरोबर वाचावे, आणि न पटलेल्या जागी थांबावे. तोच ग्रंथ पुढच्या वर्षी पुन्हा घ्यावा, कारण दरम्यान आपण बदललेले असतो. दादरला दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारी माणसे शिवाजी पार्कातल्या दुकानांतून पुस्तके विकत घेऊन गावी परततात, आणि त्यांतली बरीचशी लेकरांना घेऊन आलेली असतात. त्या पुस्तकांतले एखादे घरी मोठ्याने वाचले गेले, तर ते लेकरू अर्थ न कळता ऐकेल. पूर्वी ही सोय चाळीच्या गॅलरीने फुकट केलेली होती. आता मनोऱ्यांतल्या घरांची दारे बंद असतात आणि एका घरातला आवाज दुसऱ्यात जात नाही; तेव्हा जे आपसूक होत होते ते ठरवून करावे लागेल. पन्नाशीत स्वतःचे लहानपण सोडवायला बसलेल्याने दार बंद असले तरी आवाज मोठा ठेवावा. शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या नातवंडाला त्यातले काहीच कळणार नाही, आणि तेवढ्यासाठी थांबायचे कारण नाही. त्याची पन्नाशी यायला अजून चाळीस वर्षे आहेत.